ड्युटीवरून घरी काय आणायचं: नव्या सिस्टर, ब्रदर आणि इंटर्नसाठी पंधरा दिवसांची वही

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नाईट संपवून गोव्यात डिचोलीला घरी पोचले, पाय धुऊन स्वयंपाकघरात आले. सासूबाईंनी चहा पुढं ठेवला आणि विचारलं, "रात कशी गेली गो?" मी एकच सांगितलं. पहाटे तीनला एका पेशंटच्या भावानं काउंटरवर हात आपटून अख्ख्या वॉर्डासमोर मला काय काय सुनावलं, ते. चहावर साय धरली तरी माझं सांगून संपलं नव्हतं.

तीन दिवसांनी डोक्यावरून पाणी घेताना एकदम आठवलं. त्याच रात्री सत्तरीतल्या एका म्हाताऱ्या बाईची शीर कुणालाच मिळत नव्हती. दोन्ही हात टोचून टोचून निळे झाले होते. मी गरम पाण्यात पिळलेला फडका ठेवला, तिचा हात खाटेवरून खाली सोडला, पाच मिनिटं तशीच थांबले आणि पहिल्याच टोचणीत लाईन बसली. तिनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून म्हटलं, "देव बरें करूं गो बाय." हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं.

रात्र एकच, घडलं दोन्ही, पण घरी आलं ते काउंटरवरचं.

हा लेख त्यावरच्या उपायाचा आहे: पंधरा दिवस, झोपण्यापूर्वी, त्या दिवशी नीट गेलेल्या तीन गोष्टी वहीत लिहायच्या. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, स्टाफ नर्स आहे. मी जे करून पाहिलं आणि माझ्यानंतर आलेल्या पाच-सहा मुलींना शिकवलं, तेच इथं पायरीपायरीनं लिहिते. नव्यानं नोकरीला लागलेल्या सिस्टर-ब्रदरना, इंटर्नना, लॅब टेक्निशियनना, १०८ रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांना, आरोग्य केंद्रातल्या एएनएमना (साहाय्यक परिचारिका-सुईणींना), कुणालाही हे करता येईल.

आधी कारण समजून घ्या

आपलं शिक्षणच चुकलेलं शोधायचं आहे. रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन खाली आलं का, डोस राहिला का, लघवी कमी झाली का, ड्रेसिंग ओलं झालं का. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीवाल्यांच्या हाती वॉर्ड सोपवताना, "पाच नंबरची बाई आज पहिल्यांदा हसली" असं कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. आठ तास हीच नजर लावून काम केल्यावर गणवेश उतरवला म्हणून नजर उतरत नाही. माणसाच्या मनाला मुळातच चांगल्यापेक्षा वाईट जास्त जोरात लागतं, हे मानसशास्त्रानं पुष्कळ तपासलेलं आहे. आपल्या धंद्यात त्याला वरून पगारी सराव मिळतो.

'बर्नआउट' म्हणजे कामानं माणूस आतून विझत जाणं. हा शब्द या अर्थानं रूढ झाला तोही दवाखान्यातूनच. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हा मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करत होता. तिथं झोकून देऊन राबणारी माणसं कशी आतून विझत जातात, हे त्यानं १९७४ साली लिहिलं. पुढं १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक यांनी ते मोजायची प्रश्नावली काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउट आहे, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हणून त्याची नोंद आहे. म्हणजे दोष तुमच्या स्वभावात शोधायचा नाही, असा मी त्याचा अर्थ घेते.

इथंच पहिला सापळा येतो: कामाच्या जागेचं दुखणं माणसाच्या मनावर ढकलण्याचा. मी पूर्वी एका ठिकाणी असताना आम्ही माणसं वाढवून द्या म्हणून अर्ज केला होता. उत्तर म्हणून 'सकारात्मक राहा' या विषयावर व्याख्यान ठेवलं गेलं, तेही नाईट उतरलेल्यांना दोन तास थांबवून. माझ्या शेजारची सिस्टर खुर्चीत झोपली आणि मला वाटतं सभागृहात सर्वांत शहाणी तीच होती. वहीत काहीही लिहिलं तरी चाळीस पेशंटांना दोन सिस्टर हे गणित सुटत नाही. वही तुमच्यासाठी आहे. अर्ज वेगळा, तो चालूच ठेवायचा.

काय काय लागेल

- एक छोटी वही. गणवेशाच्या खिशात मावेल एवढी नको, नाहीतर ती वॉर्डात हरवते. उशीजवळ राहील अशी घ्या.
- चालणारं पेन, वहीला दोऱ्यानं बांधलेलं. हसू नका. माझे पहिले दोन प्रयत्न पेन शोधण्यात संपले.
- महिन्याच्या ड्युटी रोस्टरचा फोटो.
- मोबाईलमध्ये रोजचा एक गजर.
- जमल्यास वहीचं पान दाखवायला कामावरचा एक जोडीदार, शक्यतो दुसऱ्या वॉर्डातला.

ॲप नको, मेणबत्ती नको, शांत खोलीही नको. माझ्या घरात ती नाहीच. मोबाईलवर लिहिलं तरी चालतं, पण लिहायला उघडलेला फोन वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाऊन पोचतो आणि तिथं कोण कुणाची सुट्टी खातंय हे वाचत अर्धा तास जातो.

पायरी १: पंधरा दिवस कुठले, ते ठरवा

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आठवड्यात सुरू करू नका. सुट्ट्यांवरून आधीच बोलाचाली झालेल्या असतात आणि घरी गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची असते. डिसेंबरचा शेवटचा आठवडाही नको. त्या दिवसांत कॅज्युअल्टीत काय चालतं ते गोव्यात काम करणाऱ्याला सांगायला नको. बाकी कधीही चालेल. पावसाळ्यात तापाच्या पेशंटांची रीघ लागते, तरी मी सुरुवात जुलैतच केली होती. 'जरा निवांत झालं की' म्हणून थांबलात तर निवांतपणा निवृत्तीनंतरच मिळेल.

पायरी २: पहिल्या पानावर तीन आकडे लिहा

शून्य ते दहा. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे पुरतं भरून वाहिलंय.

एक: ड्युटीवर जायच्या नुसत्या विचारानं किती गळून गेल्यासारखं वाटतं?
दोन: पेशंट माणूस न वाटता 'बेड नंबर' किंवा कटकट वाटण्याचं प्रमाण किती?
तीन: मी केलं काय, न केलं काय, फरक पडत नाही, असं किती वाटतं?

ही माझी घरगुती फूटपट्टी आहे, पण प्रश्न मनचे नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआउटची जी तीन अंगं सांगितली आहेत, ती हीच: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कडवट होणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. माझे आकडे ९, ७ आणि ६ होते. दुसऱ्या आकड्याची मला लाज वाटली, म्हणून आधी ५ लिहिलं आणि मग खोडलं. खोटा आकडा लिहू नका, पंधरा दिवसांनी तो तुम्हालाच फसवेल.

पायरी ३: झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी

हे सगळ्याचं मूळ आहे, म्हणून इथं थोडी थांबते.

झोपायच्या आधीच्या दोन तासांत वही उघडा आणि आज नीट गेलेल्या तीन गोष्टी लिहा. प्रत्येकीपुढं त्यात तुमचा वाटा काय होता तेही लिहा. सगळं मिळून पाच ते सात मिनिटं.

मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना हे फक्त एक आठवडा करायला सांगितलं होतं. त्यांचा आनंद वाढलेला आणि उदासी कमी झालेली सहा महिन्यांनंतरही दिसत होती. ज्यांनी आठवडा संपल्यावरही आपणहून ते चालू ठेवलं, त्यांना फायदा जास्त झाला. पुढं अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले ब्रायन सेक्स्टन यांनी हेच आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पंधरा दिवसांचं केलं. तीन गुणिले पंधरा म्हणून त्यांनी त्याला 'पंचेचाळीस चांगल्या गोष्टी' म्हटलं. २०१९ मध्ये त्यांनी २२८ जणांचे निकाल मांडले. भावनिक थकवा कमी झालेला महिन्यानं, सहा महिन्यांनी आणि वर्षानंही दिसला. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळं हा जादूचा मंत्र म्हणून कुणी विकायला आलं तर घेऊ नका. पण खर्च एका वहीचा आहे आणि दुष्परिणाम पेनाच्या शाईचे डाग, तेव्हा करून पाहायला काय हरकत आहे?

आता लिहायचं कसं ते बघा. माझ्या पहिल्या रात्रीचं पान असं होतं:

"पेशंट बरे होत आहेत. सहकारी चांगले आहेत. घरच्यांचा पाठिंबा आहे."

हा शाळेतला निबंध झाला. असं लिहिलं की चौथ्या दिवशी कंटाळा येतो, कारण रोज तेच लिहावं लागतं. आठव्या रात्रीचं पान असं:

"खिडकीजवळची आजी आज स्वतः उठून व्हरांड्यापर्यंत गेली. माझा वाटा: काल ती नको नको म्हणत असताना तिला तीनदा उठवून बसवलं होतं.

इव्हिनिंगच्या सिस्टरनं माझ्यासाठी भाजी-पाव झाकून ठेवला. माझा वाटा: भूक लागली हे मी तोंडानं सांगितलं, नेहमीसारखी गप्प बसले नाही.

येताना कदंब बसमध्ये खिडकी मिळाली. मांडवी नदीवर ऊन उतरत होतं, खाली एक बार्ज संथ चालली होती. माझा वाटा: फोन बॅगेतून काढला नाही."

गोष्ट बारीक हवी आणि त्या दिवसाचीच हवी. ती कॅमेऱ्यात धरता आली पाहिजे. 'सहकारी चांगले आहेत' याचा फोटो निघत नाही, झाकून ठेवलेल्या भाजी-पावाचा निघतो.

'माझा वाटा' हे शब्द गाळू नका. पुष्कळ जण तिथंच अडतात. आपल्याला लहानपणापासून स्वतःचं कौतुक न करायचं वळण आहे. मी शिकवलेल्या एका मुलीनं पाच दिवस वाट्याच्या जागी 'देवाची कृपा' लिहिलं. मी तिला म्हटलं, देवाची कृपा आहेच, पण रात्री अडीचला उठून पेशंटचा कफ ओढायला सक्शन कुणी केलं? तिसरा आकडा, म्हणजे आपल्या हातून काही होत नाही ही भावना, याच दोन शब्दांनी हलतो असा माझा अनुभव आहे.

काही दिवस तीन गोष्टी सापडत नाहीत. अशा वेळी मागं जा: सकाळी गेटवर कोण भेटलं, डबा कसा होता, हात धुताना पाणी होतं का. एका रात्री माझी तिसरी गोष्ट होती, 'लिफ्ट चालू होती.' आमच्याकडं ही खरोखर लिहिण्यासारखी गोष्ट होती.

नाईटवाल्यांसाठी: तारीख बघून लिहू नका, ड्युटी बघून लिहा. नाईट करून घरी आलात की झोपायची वेळ सकाळी नऊची, मग वही नऊलाच. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न, कुकरच्या शिट्ट्या, दारावर मासळीवाली, या सगळ्यात लिहायचं आहे हे गृहीत धरा. गजरही रोस्टर बघूनच लावा. एकदा मी रात्री साडेदहाचा गजर बदलायला विसरले आणि तो ऐन औषधांच्या राउंडला वाजला.

पायरी ४: भावनेला नाव द्या

प्रत्येक गोष्टीपुढं एक शब्द लिहा: आनंद, कृतज्ञता, शांती, कुतूहल, आशा, अभिमान, गंमत, प्रेरणा, विस्मय, प्रेम. ही दहा नावं बार्बरा फ्रेडरिकसन या अभ्यासकांच्या कामातली आहेत. शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि त्यातून निवडा.

पंधरा दिवसांनी कुठला शब्द किती वेळा आला ते मोजा. माझ्याकडं 'गंमत' सर्वांत जास्त होती आणि 'अभिमान' फक्त दोनदा. त्यावरून मला कळलं की मला वॉर्डात टिकवून धरलंय ते तिथल्या विनोदांनी.

पायरी ५: एक चिठ्ठी लिहा, जमलं तर वाचून दाखवा

दुसऱ्या आठवड्यात कधीतरी. ज्यानं तुमच्यासाठी काही केलं आणि तुम्ही कधी नीट आभार मानले नाहीत, अशा एका माणसाला सात-आठ ओळी लिहा. त्यानं काय केलं, त्यानं तुमचं काय झालं, आज ते कसं आठवतं.

सेलिगमन यांच्या त्याच २००५ च्या अभ्यासात अशी चिठ्ठी समोर जाऊन देण्याचा परिणाम सुरुवातीला सर्वांत मोठा होता, पण तो महिनाभरच टिकला. तीन गोष्टींचा परिणाम हळू चढला आणि लांब टिकला. आपल्या भाषेत, चिठ्ठी म्हणजे इंजेक्शन आणि वही म्हणजे गोळ्यांचा कोर्स.

मी चिठ्ठी लिहिली ती आमच्या वॉर्डातल्या अटेंडंट मावशींना. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातून रक्ताची बाटली फुटली होती आणि मी तिथंच रडायला लागले होते. मावशींनी मला काही न बोलता बाजूला केलं, लादी पुसली आणि वर सिस्टर इन्चार्जना सांगितलं की फरशी ओली होती. मावशींना वाचता येत नाही. म्हणून दुपारी बेडपॅन धुवायच्या खोलीबाहेर उभी राहून मीच वाचून दाखवली. आत नळ चालू होता, त्यामुळं मला मोठ्यानं वाचावं लागलं. त्या म्हणाल्या, "खुळी काय गो तू?" मग पदरानं डोळे पुसले आणि कागद मागून घेऊन ब्लाउजमध्ये ठेवला. त्या दिवशी माझ्या वहीत तीनही गोष्टी तिथल्याच होत्या.

इथला सापळा: चिठ्ठी वरिष्ठांना लिहू नका, निदान पहिली तरी. कॉन्फिडेन्शियल रिपोर्टच्या दिवसांत तर मुळीच नको. हेतू कितीही शुद्ध असला तरी वास वेगळाच येतो.

पायरी ६: ओव्हरच्या शेवटी एक वाक्य

हे एकट्यानं होत नाही, म्हणून सगळ्यांत शेवटी जमतं. ओव्हर पूर्ण झाली, किल्ल्या आणि रजिस्टर हाती दिलं की निघणाऱ्यानं एक वाक्य बोलायचं: आज काय नीट झालं. एकच. "सात नंबरचं बाळ दूध ओढायला लागलं." "नवीन ब्रदरनं पहिल्यांदा एकट्यानं लघवीचा कॅथेटर घातला." बस.

मीटिंग बोलावून हे सुरू करू नका. मीटिंग झाली की त्याचं रजिस्टर होतं, रजिस्टर झालं की सही होते आणि सही झाली की ते मेलं. मी फक्त बोलायला सुरुवात केली. पहिले दोन आठवडे लोकांनी माझ्याकडं विचित्र पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात एक जण स्वतःहून म्हणाला, "आज माझं ऐका." अजूनही पाचातले दोघंच बोलतात. तेवढं पुरे आहे.

घाईच्या वेळी ओव्हरच नीट द्या, वाक्य राहिलं तरी चालेल. या वाक्यापायी एखाद्याचा इन्सुलिनचा डोस सांगायचा राहिला तर सगळंच मुसळ केरात.

पायरी ७: मृत्यू झालेल्या दिवशी

त्या दिवशी तीन चांगल्या गोष्टी ओढूनताणून लिहू नका. पाचव्या रात्री आमच्याकडं एक तरुण मुलगा गेला, बाईकचा अपघात, आई दोडामार्गहून निघून पोचेपर्यंत संपलं होतं. मी घरी येऊन शिस्तीनं वही उघडली, 'एक:' लिहिलं आणि मला स्वतःचीच किळस आली. वही मिटली. ते बरोबरच होतं, असं मला आता वाटतं.

अशा दिवशी उपयोगी पडतं ते दुसरंच. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जोनाथन बार्टल्स हे आपत्कालीन विभागातले नर्स. पेशंट गेल्यावर सगळ्यांनी जागच्या जागी थोडा वेळ शांत उभं राहायचं, अशी पद्धत त्यांनी सुरू केली. 'द पॉज' या नावानं ती नंतर इतरत्रही पोचली. मॉनिटर बंद झाला की कुणीतरी एक म्हणतो, "हा माणूस आत्तापर्यंत आपल्यात होता, कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी मित्र. आपण सगळ्यांनी प्रयत्न केला. एक मिनिट थांबूया." आणि थांबायचं. नाडी बघणारा, पंप दाबणारा, ट्रॉली ढकलणारा, सगळेच.

गोव्यात याची मला आवडलेली बाजू अशी की प्रार्थना कुणाची म्हणायची हा प्रश्नच येत नाही. खाटेवरचा माणूस हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान कुणीही असो, आणि खाटेभोवतीचेही. शांतता सगळ्यांना चालते. मात्र डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, आणि शेजारच्या खाटेवर कुणी अत्यवस्थ असेल तर मिनिट नंतर पाळा, आत्ता तिकडं धावा.

त्या रात्री वहीत एकच ओळ लिहिली तरी चालते. मी दुसऱ्या दिवशी लिहिली: "त्याचा चेहरा मी पुसला, आई येण्याआधी." पुढं भावनेचं नाव लिहिलेलं नाही. दहा शब्दांतला एकही बसत नव्हता.

पायरी ८: वहीत काय लिहायचं नाही

पेशंटचं नाव, गाव आणि आजार एकत्र कधीही नको. 'खिडकीजवळची आजी' पुरे. गोवा एवढुसा आहे, तुमच्या वहीतलं 'पेडण्याच्या अमक्याचा मुलगा' उद्या कुणाच्या तरी मावसभावाचा शेजारी निघेल. जोडीदाराला पानाचा फोटो पाठवत असाल तर आधी पुन्हा वाचा. ग्रुपवर तर टाकूच नका.

तक्रारीही या वहीत नकोत. त्यांना वेगळा कागद करा, तारीख-वेळेसकट, कारण त्या पुढं उपयोगी पडतात. दोन्ही एकाच वहीत आलं की तक्रारीचं पान लांबत जातं आणि चांगलं तळाला दोन शब्दांत उरकतं.

पायरी ९: वही पुरत नसेल तेव्हा

हे वाचताना घाई करू नका. दोन आठवडे सलग मन उदास, कशातच रस नाही, ड्युटी नसतानाही झोप लागत नाही किंवा उठवत नाही, अन्न गोड लागत नाही, झोपेसाठी वॉर्डातल्या गोळीकडं किंवा बाटलीकडं हात जातोय, मरून जावं असं वाटतंय: यातलं काहीही असेल तर ते वहीचं काम नाही. तीन चांगल्या गोष्टी सापडत नाहीत म्हणून स्वतःला आणखी दोष देत बसाल आणि दुखणं वाढेल.

टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. कॉल मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. गोव्यात प्रत्यक्ष दाखवायचं तर बांबोळीला आयपीएचबी, म्हणजे मानसोपचार व मानवी वर्तन संस्था आहे. जाताना ओळखपत्र, चालू असलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि वहीचं आकड्यांचं पहिलं पान न्या. आकडे दाखवले की बोलायला सुरुवात करणं सोपं जातं. जीवाचं बरंवाईट करायचा विचार मनात घोळत असेल तर एकटं राहू नका, त्याच क्षणी कुणाला तरी सांगा आणि सोबत घेऊन जा.

अडचण ठाऊक आहे. ओपीडीच्या रांगेत कुणीतरी ओळखीचं भेटणारच, आणि आपण स्वतः आरोग्य खात्यातले असलो तर रांगेच्या दोन्ही बाजूंना ओळखीचे. माझ्या एका मैत्रिणीनं या एका कारणानं आठ महिने लांबवलं. शेवटी तिनं आधी १४४१६ वर बोलून घेतलं, घरातल्या मागच्या खोलीत पंखा मोठा करून. मग गेली. रांगेत खरंच एक ओळखीची भेटली. तीही दाखवायलाच आली होती.

पायरी १०: सोळाव्या दिवशी

पहिलं पान न बघता तीन आकडे पुन्हा लिहा, मग ताडून बघा. माझे ८, ४ आणि ३ आले. पहिला जवळपास हलला नाही, कारण त्या महिन्यात मला सात नाईट होत्या आणि वही नाईट कमी करत नाही. दुसरा मात्र सातावरून चारावर आला होता, ते पाहून मी थोडा वेळ तशीच बसले.

त्यापुढं रोज लिहायची गरज नाही. रोज लिहिलं तर माझं तरी यांत्रिक होतं. मी आठवड्यातून दोनदा लिहिते आणि रोस्टर वाईट आला की पंधरा दिवसांची पुन्हा एक फेरी करते. आत्तापर्यंत चार सुरू केल्या. चौथी अर्ध्यात सुटली, वही आहे पण पेनाचा दोरा तुटलाय.

भरलेली वही रद्दीत घालू नका, नावं नसली तरी. ओळखू येण्यासारखं काही राहिलं असेल तर ती पानं फाडून चुलीत घाला, बाकीची ठेवा. माझी पहिली वही कपाटात साड्यांखाली आहे. पहिल्या पानावर चहाचा गोल डाग आहे आणि खोडलेल्या ५ वर गिरवलेला ७ अजून वाचता येतो.